मोघम

कोर्टाच्या भिंतीलगत, सीबीएसकडून येताना
तिसऱ्या छत्रीखाली माझं मशीन.
ळ अडकतो. बाकी सगळं स्पष्ट उमटतं.

दामूअण्णा निमसे शिकवून गेले,
अर्जात मोघम लिहू नये.
तारीख, वार, गट नंबर, चतुःसीमा.
पूर्वेस नाला तर नाला,
पश्चिमेस बोरस्त्यांची बाग तर बाग.
मोघम लिहिलंस की साहेब पेनाने गोल करतो,
आणि त्या गोलात पक्षकाराचं वर्ष जातं.

शब्द कुठला, विचारलं होतं मी.
अरबीतून फारसीत, तिथून दफ्तरात आला म्हणतात.
कुणी म्हणतं, संस्कृतातलं मोघ, म्हणजे वाया गेलेलं.
कोण म्हणतं, ते अण्णांनी सांगितलं नाही.
शब्दाला साजेसंच.

धुकं मोघम नसतं.
जानेवारीत पहाटे गंगेचा पलीकडचा काठ दिसत नाही,
दिसत नाही, एवढंच. धुक्याच्या मनात काही नसतं.
तापातलं बरळणं मोघम नव्हे,
मोतीबिंदू झालेल्या साक्षीदाराचं
"कुणीतरी होतं" हेही नव्हे.
मोघमला डोळे शाबूत लागतात.
काय ते आधी पुरतं ठाऊक लागतं,
मग त्यावरून ओला हात फिरवायचा,
पाटीवरून फिरवतात तसा,
अक्षर जावं, पांढुरकं राहावं.

सराफ बाजारात घडणावळ विचारा.
मुलगी पाहून परतणाऱ्यांना विचारा, ते म्हणतील "कळवतो".
आणि जुनं नाशिक तर, कुठेही निघालं तरी,
"गंगेवर जाऊन येतो" म्हणतं.

हौसाबाई थेटे मंगळवारी आल्या, मखमलाबादहून.
रेशनकार्डातून नाव कमी करायचं होतं. नवऱ्याचं.
मयत? नाही.
फारकत? नाही.
मग?
"घरी नसतात."
किती दिवस?
"बरेच."
गेले कुठे?
"गंगेवर जातो म्हणाले."
कधी?
पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,
"द्राक्षांची छाटणी चालू होती."
छाटणी दरसाल होते.

मी मशीनवरून हात काढले.
ताई, हे मोघम होतंय. खिडकीवरूनच परत येईल.

रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते.
ते थांबेपर्यंत त्या थांबल्या.
मग बोलल्या, हळू, पण एकेक अक्षर सुटं:
"सतरा ऑक्टोबर, दोन हजार चौदा. शुक्रवार.
सिन्नर. कारखान्यांच्या मागे दोन खोल्या, निळं दार.
बाईचं नाव माहीत आहे मला.
पोरगी पाचवीत. नाक थेट्यांचं.
दारापर्यंत जाऊन आले. कडी वाजवली नाही.
आता यातलं काय लिहितेस?
लिहिलंस तर कुणीतरी सासूला वाचून दाखवेल.
ऐंशीची आहे.
अजून एक भाकरी जास्तीची टाकायला लावते."

अण्णा असते तर काय म्हणाले असते, सांगता येत नाही.
सांगता येत नाही.
मी कागद चढवला.

"अर्जदाराचे पती सुमारे दहा वर्षांपासून
कामानिमित्त बाहेरगावी असून
त्यांचा ठावठिकाणा सांगता येत नाही."

ठाऊक नाही, असं लिहिलं नाही. ते खोटं झालं असतं.
अख्ख्या वाक्यात एकही ळ आला नाही,
मशीन एकदाही अडलं नाही.

त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
शेवटच्या ओळीवर बोट ठेवून
वाचून घेतली माझ्याकडून दोनदा.
"हं," म्हणाल्या. "असंच आहे."

माझा दर पत्र्यावर रंगवलेला आहे. पानाला चाळीस.
किती झाले, त्यांनी विचारलं.
द्या काहीतरी, मी म्हटलं.
त्यांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं,
आकडा ओळखला,
आणि चाळीस रुपये मोजून ठेवले.